तळघरातलं तळं
पुन्हा तेच! शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकवला आणि मोजा चिंब. दमट दिवसांत एसी हवेतून बादलीभर पाणी सहज पिळून काढतो. तळघरातून ते उताराने जाणार कुठे? म्हणून पंपाने वर ढकलायचं. त्या पंपाच्या डब्यातल्या फ्लोटवर, म्हणजे पाणी चढलं की वर येऊन पंप चालू करणाऱ्या तरंगत्या तुकड्यावर, बुळबुळीत थर चढला की तो तिथेच अडकतो आणि पंप ढिम्म! पाइपात व्हिनेगर ओतते, डबा घासते, महिनाभर बरं. मग परत डबकं. पाणी वाढलं की एसी बंद करणारा सेफ्टी स्विच पंपातच असतो. बसवणाऱ्याने त्याच्या तारा जोडल्याच नव्हत्या. दोन तारा हो, दोन! वर घरचे मलाच विचारणार, "कुबट वास कसला येतोय गं?"