ना गुण, ना न्याय

फारसीच्या चाचणीत माझा अर्धा गुण कापला गेला, आणि तोही उत्तर बरोबर असताना; त्यामुळे हे लिखाण काहीसे तणतणतच होत आहे. इराणमधून ऑनलाइन शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी जोडीने येणारी उभयान्वयी अव्यये विचारली होती: 'हम-हम', 'या-या', 'चे-चे' आणि 'न-न'. ऐनवेळी बाईंचे इंटरनेट गेले, तेव्हा एकमेकांचे पेपर तपासा, असे संस्थेने पुण्यातल्या वर्गात बसलेल्या आम्हाला फर्मावले. माझा पेपर ज्या काकांच्या हाती पडला, ते हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झालेले असून जुनी फर्माने मुळातून वाचण्याच्या हौसेने फारसी शिकत आहेत.

'मी चहाही पीत नाही आणि कॉफीही पीत नाही' याचे भाषांतर मी 'न चाय मीखोरम, न कहवे' असे केले होते. फारसीत 'न-न' ही जोडी आली, की नकाराचा सगळा भार तीच उचलते आणि क्रियापद होकारार्थी राहते. काकांनी 'मीखोरम'खाली लाल रेघ ओढून समासात शेरा मारला: 'नकार आढळून येत नाही.'

"काका, नकार दोन वेळा आलेला आहे," मी म्हणालो.

"तो कच्च्या नोंदीत. क्रियापद म्हणजे ताळेबंद, आणि तिथे तुम्ही 'पितो' असे स्वच्छ लिहिले आहे. उद्या कोणी तुमच्या नावावर चहाचे बिल लावले, तर?"

"पण 'त्याला ना खंत आहे, ना खेद' असे आपणही म्हणतोच की!"

"खंत-खेदाचे व्हाउचर नसते. चहाचे असते."

ज्या 'जमा', 'खर्च' आणि 'वसूल' या शब्दांवर काकांनी जन्मभर पगार घेतला, ते मराठीत फारसीतूनच आले. पण त्याच फारसीच्या व्याकरणावर काका पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा मी एक इराणी म्हणच पुढे केली: 'न सीख बेसूजद, न कबाब', म्हणजे सळईही जळू नये आणि कबाबही, तोडगा असा काढावा, की कोणत्याच पक्षाचे नुकसान होऊ नये. यातले 'बेसूजद' होकारार्थीच आहे. काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि निकाल दिला.

"कबाबाचा दाखला ग्राह्य धरता येणार नाही. आमच्याकडे चातुर्मास पाळतात."

वर्ग हसला. मला अजूनही हसू आलेले नाही, कारण माझे उत्तर बरोबर असल्याचे बाईंनी कळवले, तोवर गुणपत्रक छापून झाले होते. कार्यालयातल्या कारकुनांनी मला अस्सल 'या-या' ऐकवले: एक तर फेरतपासणीचे तीनशे रुपये भरा, नाहीतर आहेत ते गुण मान्य करा. पूर्ण शुल्क घेऊन पेपर मात्र विद्यार्थ्यांकडून फुकट तपासून घ्यायचे आणि चूक दाखवणाऱ्याकडूनच पुन्हा पैसे मागायचे, याला काय म्हणावे? तरीही मी पाकीट काढले आणि फेरतपासणी कोण करणार, एवढेच विचारले. ते काम वर्गातल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडे असते, असे सांगून कारकुनांनी यादी पुढे सरकवली. काकांचे नाव पहिलेच होते.