हंगामी सोयरीक

बाजार समितीची निवडणूक लागली आहे, आणि कालपर्यंत एकमेकांच्या मयतीलाही न जाणारे दोन गट तिसऱ्याला पाडण्यासाठी एकच पॅनल करणार म्हणे. तुम्ही त्यातल्या कुठल्याही गटाचे असा, आधी अभिनंदन. आणि हे शिकायला पुण्या-मुंबईकडे बघू नका. या कामात आपल्या मुलखाचा अनुभव साडेचारशे वर्षांहून जुना आहे.

पहिलं म्हणजे तिसऱ्याला नीट मोठा होऊ द्या. तो मोठा होतो तो आपल्याच खर्चाने. विजयनगरचा कारभार हाकणाऱ्या रामरायाला आमच्या दख्खनच्या शाह्यांच्या भांडणात ओढलं कोणी? 1543 मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने, विजापूरला ठोकायला. पुढे विजापूरच्या अली आदिलशहाने, अहमदनगरला ठोकायला. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा तर गादीवर बसण्याआधी कित्येक वर्षं त्याच्याच आश्रयाला होता. प्रत्येकाला वाटायचं, रामराया आपला माणूस. मागच्या खेपेला तुमच्या तिसऱ्याला उपसभापती कोणी केलं, ते मी विचारत नाही.

मग सोयरीक. नुसत्या आणाभाकांवर विसंबू नका, सरळ साटंलोटं करा. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी अलीला दिली, अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तजाला आली. गोवळकोंड्यालाही निजामशाही लेक गेलीच होती. आता हुंड्यात काय द्यावं? ज्याच्यावरून बापजाद्यांपासून डोकी फुटली, नेमकं तेच. हुसेनने सोलापूरचा किल्ला दिला. भांडण मिटवत बसायचं नाही, लेकीबरोबर सासरी पाठवून द्यायचं! तुमचाही गाळ्यांचा वाद असाच मार्गी लावा.

मग या सोयऱ्यांनी मिळून रामरायावर चाल केली. त्या तालिकोटच्या लढाईत फारसं शिकण्यासारखं नाही. 23 जानेवारी 1565 ला ती एका दिवसात उरकली, रामरायाचं डोकं गेलं, विजयनगर लुटलं गेलं. वऱ्हाडची इमादशाही मात्र आलीच नव्हती. जो आला नाही त्याचं नाव लिहून ठेवावं. पुढे विजापूरकरांशी समजूत करून निजामशाहीने 1574 मध्ये वऱ्हाड गिळलं.

खरं कौशल्य लागतं ते गुलाल धुतल्यावर. इथे आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूरला तोड नाही. विजय होऊन उणीपुरी दोन वर्षं झाली होती. हुसेन निजामशहा विजयाच्याच वर्षी वारला होता, गादीवर मुर्तजा, म्हणजे आदिलशहाचा मेहुणा. विजापूरचा सरदार किश्वर खान सैन्य घेऊन आला आणि 1567 मध्ये मेहुण्याच्या मुलखात सरळ किल्लाच बांधून मोकळा झाला. धुरा कोरणारे आपल्याकडे शेकड्याने आहेत, पण पाहुण्याच्या रानात बुरुज उभारायला वेगळीच छाती लागते. मुर्तजाने किल्ला घेतला, किश्वर खान त्यात मारला गेला. भिंती अजून उभ्या आहेत, दोन्ही पॅनलच्या उमेदवारांनी सहकुटुंब पाहून यावं.

नळदुर्गही सोडू नका. तिथे पाणीमहाल बघायला गर्दी होते, वेढ्याची आठवण कोणी काढत नाही. 1580 मध्ये अलीचा खून झाला, गादीवर पोरसवदा पुतण्या आला आणि विजापूरचा कारभार चांदबीबीकडे. सोयऱ्यांनी दुखवट्याला यावं तसे निजामशाही आणि कुतुबशाही दोघेही आले, आणि नळदुर्गाला वेढा घालून बसले. कारभारीण बहीण, वेढा घालणारी फौज सख्ख्या भावाची. माहेरपण याहून वेगळं काय असतं?

युती तुटली म्हणून नाराज होऊ नका, नवा तिसरा येतोच. मोगल आले तेव्हा तिन्ही शाह्यांना पुन्हा भाऊपणा आठवला. 1597 मध्ये परभणीकडच्या सोनपेठजवळ गोदाकाठी त्या एकत्र लढल्या आणि एकत्रच हरल्या. त्यावर उपायही विजापूरकरांनीच काढला: तिसरा फारच मोठा निघाला तर त्याच्याशीच बसून व्याह्याची वाटणी करून घ्यावी. 1636 मध्ये शहाजहानशी तह झाला, निजामशाही संपली आणि आदिलशाहीच्या पदरात परांडा पडला, मधे हातचं गेलेलं सोलापूरही परत पडलं. ते हुंड्यातलं धरायचं की वाटणीतलं, हे विचारायला व्याही शिल्लक नव्हता.