आईला काय करायचाय भारी फोन?

रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला जुना फोन घ्यायचं ठरवलंत? अभिनंदन. बजेट दहा हजार, ताणून अकरा. फोन तुमच्यासाठी नाही हे न सांगताही कळलं. असा फोन गावाकडे आईला, सासऱ्यांना, नाहीतर अकरावीतल्या भाच्याला द्यायचा असतो. मीही मागच्या महिन्यात साडेनऊ हजारांचा एक पीस घेतला आणि कराडला आईला नेऊन दिला. तेव्हा अनुभवाचे चार बोल सांगतो, फुकट आहेत.

पहिलं म्हणजे घाईत जा. रविवारी संध्याकाळी, पोरं गाडीत बसवून, गाडी नो पार्किंगमध्ये लावून. दुकानदाराने फोन हातात दिला की उलटा करा, मागची काच चमकते का बघा आणि "छान आहे" म्हणा. टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर तो फुकटात लावून देतोच. ती एकदा लागली की खालचं काही दिसत नाही, आणि बघायचंय कुणाला?

"सिंगल हँड यूज आहे दादा, डॉक्टरांचा फोन" (म्हणजे एकाच मालकाने वापरलेला) हे वाक्य ऐकलं की पुढचे प्रश्न थांबवा. महाराष्ट्रात डॉक्टर जितके नाहीत तितके डॉक्टरांचे फोन बाजारात आहेत. माझाही डॉक्टरांचाच होता. आता पांढरं चित्र उघडून पडदा निरखायचा आगाऊपणा दुकानात करायचा नसतो, म्हणून मी तो घरी आल्यावर केला. खालच्या कोपऱ्यात नकाशाच्या अ‍ॅपमधला निळा बाण पुसट उमटलेला. अमोलेड पडद्यावर एकच चित्र महिनोन्‌महिने फुल्ल ब्राइटनेसला राहिलं की त्याचा डाग पडतो आणि तो जात नाही. म्हणजे आमचे डॉक्टर दिवसभर उन्हातान्हात मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवून फिरत असणार. व्हिजिटला. कॅमेराही फोकस करताना गचके खायचा. मोटारसायकलच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्र स्थिर ठेवायची सोय, बिघडू शकतं, असं खुद्द ॲपलने २०२१ साली लिहून ठेवलंय. पण म्हटलं, आईला कुठे फोटोग्राफी करायचीय.

फोन कधी बाजारात आला हे विचारू नका. कंपनी तीन किंवा चार वर्षं अपडेट देईन म्हणते ती फोन पहिल्यांदा विक्रीला आला त्या दिवसापासून, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे तुमच्या वाट्याला उरतात कधी सहा महिने, कधी गेलेलं वर्ष. सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' अशी एक ओळ असते, तिथली तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली तर अनुभवी फोन मिळाला म्हणून समाधान माना. व्हॉट्सअ‍ॅपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ या जुन्या आवृत्तीला रामराम केलाच आहे, आणि बँकांची अ‍ॅपं तर व्हॉट्सअ‍ॅपच्याही आधी रुसतात. एक दिवस आईचा फोन येईल, "अरे, पेन्शनचं उघडत नाही." तेव्हा बघू.

जुना वरच्या वर्गातला फोन आणि नवा कोरा स्वस्तातला, यांची तुलनाही नको. तुलना केली तर कधीकधी नवाच बरा निघतो.

*#०६# हे डायल करू नका. केलंत तर पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसेल, मग तो बिलावरच्या नंबराशी जुळतो का बघावंसं वाटेल, मग कुणीतरी सांगेल की केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून, तो नंबर १४४२२ ला पाठवला की फोन ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे चोरीला गेलेला वगैरे म्हणून बंद केलेल्या फोनांच्या यादीत आहे का ते कळतं. 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'आधीच वापरात' असं उत्तर आलं तर घेऊ नका म्हणतात. एवढा मेसेज टाकण्यापेक्षा चौकीत जाऊन जबाब दिलेला सोपा.

बिल मागू नका. (मी मागितलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येतंय.)

दुकानातच रीसेट मारायला सांगू नका. रीसेटनंतर फोन आधीच्या मालकाचा गूगल आयडी मागायला लागला तर डॉक्टरांना कुठे शोधणार?

बॅटरीचं मात्र टेन्शन घेऊच नका. ढोबळमानाने पाचशे वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाली की चांगल्या बॅटरीचीही ताकद ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे रोज एकदा चार्ज केला तर दीड वर्ष. आपला फोन तीन वर्षांचा. तरी दुकानदार म्हणतो, "बॅटरी ओरिजिनल आहे." आहेच ना! ओरिजिनल आहे हीच तर अडचण आहे. फुल्ल ब्राइटनेसवर अर्धा तास व्हिडिओ लावून किती टक्के उतरते ते बघता येतं, पण अर्धा तास दुकानात उभं कोण राहणार? गाडी नो पार्किंगमध्ये आहे.

आणि आता वॉरंटी. बाकी सगळं विसरलात तरी वॉरंटीवर श्रद्धा ठेवा. मी ठेवली होती. बिलावर छापलेलं होतं, सहा महिने.

फोन देऊन आलो आणि आठवडाभरात आईचे फोन विचित्र व्हायला लागले. ती करायची, मी उचलायचो, दोन वाक्यं व्हायची आणि मग तिकडून एकदम शांतता. मी "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही गं" म्हणायचो आणि कट करायचो. पुन्हा तेच. मी रेंजला शिव्या घातल्या, सिमकार्डाच्या कंपनीला घातल्या, आईलासुद्धा म्हणालो की जरा गॅलरीत येऊन बोलत जा. तीन आठवडे. शेवटी कराडला गेलो आणि समोर बसून तिला बहिणीला फोन लावायला सांगितला. तिने फोन कानाला लावला. पडदा बंद व्हायला हवा होता, तो लख्ख चालू. आईचा गाल टेकला, म्यूटचं बटण दाबलं गेलं. ती आपली बोलतेय, बहिणीला काही ऐकू येत नाहीये, आणि हिला बहिणीचं सगळं ऐकू येतंय.

कानाजवळ फोन गेला की पडदा बंद करणारा सेन्सर मेलेला होता. बस, एवढंच. दुकानात एक कॉल लावून फोन कानाला लावला असता तर दहा सेकंदांत कळलं असतं.

फोन घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने सिमचा ट्रे काढला, खाचेत टॉर्च मारला आणि म्हणाला, "दादा, पाणी गेलंय. वॉरंटीत येत नाही." मी वाकून पाहिलं. बऱ्याच फोनमध्ये तिथे एक इवलीशी पट्टी असते. कोरडी असेपर्यंत पांढरी, पाणी लागलं की लाल. आमची लालभडक होती. एकदा लाल झालेली पट्टी पुन्हा पांढरी होत नाही, त्यामुळे पाणी कधी गेलं हे ती सांगत नाही. आणि नेमकी हीच गोष्ट दुकानाच्या सोयीची आहे.

पाणी गेलं कधी? आई फोन धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवते. मोरीत तर नाहीच, स्वयंपाकघरातही नेत नाही. पाणी गेलं ते त्या डॉक्टरांच्या मोटारसायकलवर, एखाद्या जुलैत, भर पावसात. उन्हातला बाण पडद्यावर राहिला आणि पावसातलं पाणी आत. पट्टी मला विकली तेव्हाच लाल होती! तुम्ही 'बत्तीस चाचण्या केलेला' म्हणून पाटी लावता, त्या बत्तीसांत सिमचा ट्रे उघडून आत बघणं येत नाही? विकताना टॉर्च सापडत नाही आणि परत आणला की पहिल्या मिनिटाला सापडतो? मुलगा म्हणाला, "पॉलिसी आहे दादा." मालक कुठे आहेत? "बाहेर आहेत." किती वाजता येतील? "सांगता येत नाही." बिलाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं म्हणे, पाणी, पडदा, बॅटरी आणि चार्जिंग पॉइंट वॉरंटीत नाहीत. मग सहा महिने वॉरंटी होती कशाची, मागच्या स्टिकरची?

सल्ले वगैरे राहू दे आता. रिफर्बिश्ड म्हणजे उघडून, तपासून, बिघडलेलं बदलून दिलेला फोन. फडक्याने पुसून, कव्हर घालून दिलेला नव्हे. त्याला जुना फोन म्हणतात, तो जुन्याच्या भावात विका. गुपचूप बिघाड लपवून वर वॉरंटीचा कागद देणं याला फसवणूक म्हणतात, आणि ती तुम्ही रोज सकाळी शटर उघडून करताय.

पण दुकानदाराला काय बोलायचं, तो अनोळखी माणूस. तुम्ही आणि मी काय केलं? स्वतःला फोन घ्यायचा असतो तेव्हा महिनाभर व्हिडिओ बघतो आपण, प्रोसेसरपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं तोंडपाठ असतं, ऑफिसात वाद घालतो. आणि आईच्या फोनला दहा मिनिटं नाहीत? "तिला काय करायचाय भारी फोन" हे मी स्वतः बायकोला म्हणालोय, याच तोंडाने. भारी नको होताच तिला. तिला बोलायचं होतं. फोन नावाच्या वस्तूचं जे एक मूळ काम आहे तेवढंच ती करणार होती आणि तेवढंच मी तपासलं नाही. लाज वाटायला पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना वाईट फोन खपतो, कारण ती तक्रार करत नाहीत, हे दुकानदाराला माहीत आहे. आपल्याला माहीत नाही असं समजू नका.

आईला विचारलं, तीन आठवडे सांगितलं का नाहीस? तुला तर माझं ऐकू येत होतं. म्हणाली, "मला वाटलं तू कामात असशील, म्हणून ठेवतोयस."

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. १९१५ वर मी तक्रार नोंदवली आहे, लाल पट्टीचा फोटो, बिलाच्या दोन्ही बाजू, सगळं. दुकानातून अजून कुणाचा फोन आलेला नाही. आई सध्या शेजारच्या वहिनींच्या फोनवरून बोलते. बटणांचा आहे, गालाने काही होत नाही.