सायटेशन जास्त म्हणून तंबाखू चालते का?

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या बर्ट व्होगेलस्टाइन या कॅन्सर संशोधकाचं नाव घालून एक मेसेज फिरत असतो, तुम्हालाही आला असेल. सार असं की हा माणूस जगात सगळ्यात जास्त सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात दिलेले संदर्भ) असलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक, कॅन्सरशी जोडलेला पी५३ जीन यानेच शोधला, तरी नोबेल नाही कारण याचं म्हणणं कंपन्यांना परवडत नाही, आणि म्हणणं काय तर दोन तृतीयांश कॅन्सर निव्वळ नशिबाने होतात, मग तंबाखू सोडली काय न सोडली काय. यातलं सायटेशनचं तेवढं खरंय. बाकी गाडी घसरलीय.

पण सायटेशन खरं असलं तरी त्याचा अर्थ काय ते बघा. सायटेशन म्हणजे तुमचा पेपर किती जणांच्या कामी आला, बस. २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलने सर्वाधिक सायट झालेल्या १०० पेपरांची यादी काढली, त्यात पहिला नंबर १९५१ चा लाउरींचा, प्रोटीन मोजायची पद्धत, ३ लाखांवर सायटेशन. वॉटसन-क्रिकचा डीएनएवाला पेपर शंभरात पण नाही! खुद्द व्होगेलस्टाइनचा हजारो वेळा सायट झालेला एक पेपर आहे १९८३ चा, अँड्र्यू फाइनबर्गबरोबरचा, डीएनएच्या तुकड्यांना रेडिओअ‍ॅक्टिव्ह लेबल कसं लावायचं याची ती कृती आहे, ज्याने ज्याने लॅबमध्ये ती वापरली त्याने सायट केली. उपयोगी काम आहेच, पण त्यावरून माणसाचं प्रत्येक वाक्य ब्रह्मवाक्य ठरत नाही ना. आणि जास्त सायट झालं म्हणजे खरं, हेही नाही. २०१२ मध्ये ग्लेन बेगली आणि ली एलिस यांनी लिहिलं की अ‍ॅमजेन कंपनीच्या टीमने कॅन्सरचे ५३ गाजलेले पेपर पुन्हा करून बघितले तर फक्त ६ जमले, आणि गंमत म्हणजे बड्या जर्नलांमधल्या न जमलेल्या पेपरांना सरासरी २४८ सायटेशन होती, जमलेल्यांना २३१.

पी५३ यानेच शोधला? नाही. या जीनपासून बनणारं प्रोटीन १९७९ मध्ये डेव्हिड लेन, आर्नल्ड लेव्हिन आणि आणखी काही गटांना वेगवेगळं सापडलं. त्यानंतर दहाएक वर्षं सगळे त्याला कॅन्सर वाढवणारा जीन समजत होते, कारण लॅबमध्ये या जीनचे जे क्लोन, म्हणजे नमुने, वापरात होते ते म्युटंट, म्हणजे बिघडलेले निघाले. १९८९ मध्ये व्होगेलस्टाइनच्या लॅबने, पहिलं नाव सुझान बेकरचं, आतड्याच्या कॅन्सरमध्ये १७ व्या क्रोमोसोमचा तुकडा गळतो तिथे शोधलं तर उरलेल्या दुसऱ्या कॉपीतला (प्रत्येक पेशीत या क्रोमोसोमच्या दोन कॉपी असतात) पी५३ बिघडलेला सापडला. म्हणजे हा अ‍ॅक्सिलरेटर नाही, ब्रेक आहे. माझ्या मते हे 'शोधला'पेक्षा भारी काम आहे, सगळ्या फील्डची समजूत उलटी केली, पण मेसेजवाल्याला त्याच्याशी काय घेणंदेणं.

नोबेलचं फार ताणायला नको. एका वर्षी एका विषयात तिघांपेक्षा जास्त लोकांना देत नाहीत आणि पी५३ चे दावेदार बरेच आहेत. कट वगैरे असता तर २०१३ चं ब्रेकथ्रू प्राइज आणि २०२१ चं जपान प्राइज याला कुणी दिलं असतं?

आता खरा घोळ, दोन तृतीयांश. २०१५ मध्ये क्रिस्तियन टोमासेटी आणि व्होगेलस्टाइन यांनी 'सायन्स'मध्ये ३१ प्रकारचे कॅन्सर घेऊन दाखवलं की ज्या अवयवात स्टेम सेल (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) जास्त वेळा विभागतात तिथे कॅन्सरची रिस्क जास्त, कारण दर विभाजनात डीएनए कॉपी होताना चुका होऊ शकतात आणि त्यालाच 'नशीब' म्हटलंय, आणि अवयवा-अवयवांतल्या रिस्कमध्ये जो फरक आहे त्यातला साधारण ६५ टक्के या विभाजनाच्या संख्येने समजावता येतो. फरकातला! म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर लहान आतड्यापेक्षा इतका जास्त का, या प्रश्नाचं ते उत्तर आहे, तुमच्या शेजारच्या काकांना का झाला याचं नाही. स्तन आणि प्रोस्टेटचे कॅन्सर तर त्यात धरलेच नव्हते. वर्तमानपत्रांनी हेडलाइन मारली 'कॅन्सर म्हणजे बॅड लक' आणि त्याच महिन्यात डब्ल्यूएचओच्या आयएआरसी या कॅन्सर संस्थेने जाहीर असहमती दाखवली.

मग २०१७ मध्ये यांचाच पुढचा पेपर आला, त्यात ६६ टक्के हा आकडा आहे, पण तो म्युटेशनचा, म्हणजे डीएनएतल्या बिघाडांचा, पेशंटचा नाही. हे नीट समजून घ्या कारण सगळी गडबड इथेच होते. समजा एक कॅन्सर व्हायला तीन म्युटेशन लागतात, दोन कॉपी करतानाच्या चुकीने झाली आणि तिसरं तंबाखूने. म्युटेशन मोजली तर दोन तृतीयांश 'नशीब', पण तंबाखू नसती तर तिसरं झालंच नसतं आणि कॅन्सरही नाही, म्हणजे तो कॅन्सर शंभर टक्के टाळता येण्यासारखा होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. फुफ्फुसाच्या एका प्रकारात तर आकडा उलटा आहे, ६५ टक्के म्युटेशन बाहेरच्या कारणांनी, मुख्यतः स्मोकिंग. आणि साधारण ४० टक्के कॅन्सर टाळता येतात या जुन्या अंदाजाशी आमचे आकडे जुळतात, असं खुद्द याच लोकांनी सांगितलंय. आपल्याकडे पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त, आणि तिथे तंबाखू-गुटख्याचा हात किती हे परळच्या टाटाच्या ओपीडीत कुणालाही विचारा. तर मेसेज पाठवणाऱ्यांनो, सायटेशन मोजलीत ते ठीक, आता तो पेपर उघडून वाचा पण.