सह्याद्रीच्या दाट जंगलात लांडगे लपलेले नाहीत

गेल्या काही महिन्यांपासून एक मजकूर मोबाइलवरून हातोहात फिरतोय. थोडक्यात तो असा: कोयना-चांदोलीपासून आंबोलीपर्यंतच्या घनदाट रानात लांडग्यांचे मोठे कळप राहतात. जंगल इतकं गच्च आहे की ते कुणाच्या नजरेला पडत नाहीत. वनखात्याला एकतर याचा पत्ता नाही, नाहीतर माहीत असूनही ते बोलत नाही. आणि माळावरचे लांडगे कमी झाले ते मेल्यामुळे नाही, ते तिकडे सरकलेत म्हणून. सोबत अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या चार-पाच जनावरांचा व्हिडिओ जोडलेला असतो.

शेअर करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. लांडगा अजून शाबूत आहे, आपल्या जंगलात सुखरूप आहे, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे आणि शेवटचा तर लांडग्याच्या मुळावर उठणारा आहे. म्हणून एकेक घेतो.

"घनदाट जंगल हेच लांडग्याचं घर."

रशियातला किंवा कॅनडातला लांडगा जंगलात राहतो, खरं आहे. आपला भारतीय लांडगा वेगळा. अंगाने लहान, साधारण वीस किलोचा, आखूड केसांचा, लांब पायांचा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तो जगातल्या हयात लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक असल्याचं दिसलं. ही शाखा उघड्यावर वाढली. खुरटं गवत, बोरी-बाभळीची झुडपं, ओढ्याची मऊ माती, मेंढ्यांचे कळप आणि मधूनमधून ज्वारी-बाजरीची शेतं, हा त्याचा मुलूख. सोलापूरजवळ नान्नजचा माळ, बारामती-दौंड-इंदापूरची गायरानं, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचं रेहेकुरी: महाराष्ट्रात लांडगा बघायचा तर लोक इथे जातात, आणि त्याचं कारण त्याच्या शिकारीच्या पद्धतीत आहे.

बिबट्या दबा धरतो. लांडगा धावतो. एक-दोघं काळविटाला किंवा चिंकाऱ्याला हुसकावतात, तिसरा बांधाआड किंवा घळीत बसून वाट अडवतो, पाठलाग लांबवर चालतो. यासाठी लांबचं दिसलं पाहिजे आणि पायाखाली मोकळी जमीन पाहिजे. कारवी माजलेल्या उतारावर, जिथे चार हातांपलीकडे काही दिसत नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. काळवीट आणि चिंकाराही तिथे नाहीत. कोयनेच्या रानात सांबर, भेकर, गवा, रानडुक्कर आहेत. त्यांच्यामागे बिबट्या आहे आणि टोळीने शिकार करणारा कोळसून, म्हणजे आपला रानकुत्रा आहे. दाट झाडीत टोळीने सांबर पाडणं ही कोळसुनाची खासियत. लांडग्याची जी जागा आपण तिथे रिकामी आहे असं समजतो, ती रिकामी नाहीच.

पावसाचा फरकही लक्षात घ्या. महाबळेश्वराला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बारामती-दौंडच्या पट्ट्यात ५०० च्या आसपास. घाटमाथ्यावरून पूर्वेला शंभर किलोमीटर गेलात की जमीन, गवत, प्राणी सगळंच बदलतं. नकाशावर हे अंतर बोटभर दिसतं. प्राण्यांच्या दृष्टीने ते दोन वेगळे देश आहेत.

इथे जाणकार माणूस झारखंडचं उदाहरण देईल, आणि ते बरोबर आहे. पलामूजवळ महुआडांडला सालाच्या जंगलात लांडगे पिल्लं घालतात. पण त्यांच्यासाठी १९७६ सालीच अभयारण्य झालं आहे. म्हणजे जंगलात लांडगे होते तर ते माहीतही झाले, जवळपास पन्नास वर्षांपूर्वी, कॅमेरा ट्रॅप वगैरे काही नसताना. त्या उदाहरणातून "जंगलातही राहू शकतात" एवढं सिद्ध होतं. "कुणाला न कळता राहू शकतात" याच्या बरोबर उलट सिद्ध होतं.

"जंगल इतकं दाट आहे की कुणाला दिसत नाहीत."

माणसाच्या डोळ्याला दिसत नाही हे मान्य. पण आता जंगलात डोळा माणसाचा राहिलेला नाही. कॅमेरा ट्रॅप ही अगदी साधी पेटी असते. पायवाटेच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर, गुडघ्याच्या उंचीवर झाडाला बांधतात. अंगात ऊब असलेलं काहीही समोरून गेलं की ती फोटो काढते, तारीख-वेळ छापून. तिला वाघ आणि साळिंदर यांत फरक कळत नाही. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात ससा, मुंगूस, कुत्रा, सरपण आणणाऱ्या बाया, गस्तीवरचा वनरक्षक, सगळे येतात. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत अशा कॅमेऱ्यांसाठी २६,८३८ जागा निवडल्या होत्या आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यातले वाघाचे ७६,६५१. बाकीच्या कोट्यवधींमध्ये इतर सारं रान होतं.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला. क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर, कोयना आणि चांदोली मिळून. वर्षानुवर्षं इथे वाघ जवळजवळ नव्हताच. तरी २०१८ मध्ये एक वाघ कॅमेऱ्यात आला आणि २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक आला. एखादाच फिरस्ता वाघ, एकटा, रात्री चालणारा, आणि तोही सापडला. मग लांडग्यांचे "मोठे कळप" कसे सुटतात?

लांडगा तर वाघापेक्षा सापडायला सोपा. तो वाटा सोडून झाडीतून घुसत बसत नाही. गाडीरस्ता, बैलवाट, बांध हेच त्याचे मार्ग, आणि कॅमेरे तिथेच लावलेले असतात. वाटांच्या तिठ्यावर तो मुद्दाम विष्ठा टाकतो, आपली हद्द सांगायला. त्या विष्ठेत केस असतात, हाडांचे तुकडे असतात आणि तपासायला डीएनए असतो. तो ओरडतो, आणि रात्रीच्या शांततेत ती हूक काही किलोमीटर ऐकू जाते. शिवाय टिकून असलेली वसाहत म्हणजे नुसते फिरणारे नर नव्हेत. तिथे जोडी असते, हिवाळ्यात तीन-पाच पिल्लं होतात, बीळ असतं, पिल्लं मोठी होईपर्यंत मोठ्यांची बिळाकडे रोजची ये-जा असते. असे अनेक कळप पिढ्यान्‌पिढ्या नांदायला हवेत, आणि त्यातल्या एकाचीही विष्ठा, ठसा, पिल्लू, गाडीखाली आलेलं मढं कुणाच्या हाती लागू नये?

यावर ठरलेलं उत्तर असं: "सापडलं नाही म्हणजे नाहीच असं कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. किती शोधलं आणि शोधायची वस्तू किती ठळक, यावर त्याचं उत्तर ठरतं. एखादा बेडूक किंवा पाल सह्याद्रीत आजही नव्याने सापडते, कारण ती इवलीशी असते आणि तिचं जग एका ओढ्यापुरतं असतं. लांडग्याचा कळप शंभर-दीडशे चौरस किलोमीटर पायाखाली घालतो. तो कुठल्या ना कुठल्या वाडीच्या शेळ्यांपर्यंत पोचल्याशिवाय राहत नाही.

अमेरिकेच्या ईशान्य भागात, मेन आणि न्यूयॉर्क राज्यांतल्या जंगलांबद्दल, हाच वाद अनेक वर्षं चालू आहे. तिथे २०२१ च्या डिसेंबरात एका शिकाऱ्याने कायोटी (तिथला कोल्ह्यासारखा प्राणी) समजून सुमारे ३८ किलोचा प्राणी मारला. डीएनए तपासल्यावर तो लांडगा निघाला. हे लपवायचं कारण नाही, उलट त्यातूनच मुद्दा स्पष्ट होतो. एकटा-दुकटा लांडगा भटकत शेकडो किलोमीटर येऊ शकतो. घाटाच्या पूर्व उतारावर, अगदी माथ्यावरसुद्धा, उद्या एखादा तरुण नर दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण भटक्या आला म्हणजे वसाहत आहे, असं होत नाही. फिरत्या मजकुरात नेमकी हीच गल्लत आहे.

"व्हिडिओत लांडगेच आहेत."

मी पाहिलेल्या व्हिडिओतल्या जनावरांच्या शेपट्या काळ्या आणि झुपकेदार आहेत, कान टोकाला गोल आहेत, अंग तांबूस आहे. हे कोळसून आहेत, आणि सह्याद्रीत ते असणं ही आनंदाची बातमी आहे. त्यांना लांडगा म्हणून आपण ती हुकवतो. लांडग्याचे कान टोकदार, रंग करडा-भुरा, शेपटी खाली लोंबती आणि टोकालाच काय ती काळपट. कोळसून हूक देत नाही, शीळ घालतो. आणि तोंडात पाहायची वेळ आलीच, म्हणजे कवटी सापडली, तर त्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दाढा दोन असतात. लांडग्याला आणि कुत्र्याला तीन.

तरसाची पाठ मागे उतरती, अंगावर पट्टे, मानेवर आयाळ. कोल्हा दहा किलोच्या आतबाहेर, म्हणजे लांडग्याच्या निम्मा. पण गाडीच्या दिव्यात, अंतराचा अंदाज नसताना, तोही मोठा भासतो.

खरी अडचण कुत्र्यांची आहे. गावाबाहेर उकिरड्यावर वाढलेले कुत्रे टोळीने रानात जातात, भेकरं मारतात आणि लांबून थेट लांडग्यासारखे दिसतात. ठसा मिळाला तर थोडं कळतं. लांडग्याचा ठसा लांबट, मधली दोन बोटं पुढे काढलेली, नखं ठळक. तो चालतो सरळ रेषेत, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर टाकत. धुळीच्या वाटेवर तो माग दोरी धरल्यासारखा जातो. कुत्रा हुंगत, वळत, रेंगाळत जातो, त्याचा माग भरकटलेला. तरीही एका ठशावरून छातीठोक सांगू नये. पुण्याजवळच्या माळावर रंगाने वेगळे दिसणारे काही लांडगे अभ्यासकांच्या नजरेत आले होते. ते लांडगा-कुत्रा संकर आहेत हे जनुकीय तपासणीनंतरच पक्कं झालं, आणि तो निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. माळावर वर्षानुवर्षं लांडगे पाहणाऱ्यांनाही खात्रीसाठी डीएनए लागला. अंधारातल्या बारा सेकंदांच्या चित्रीकरणावरून आपण ती खात्री देऊ नये.

"वनखातं लपवतंय."

कशासाठी? लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. नवी वसाहत सापडणं ही कुठल्याही वनाधिकाऱ्यासाठी मिरवायची गोष्ट. शिवाय लांडग्याने शेळी-मेंढी मारली तर राज्यात भरपाई मिळते, त्यासाठी पंचनामा होतो. म्हणजे शेळी गमावलेल्या माणसाला बोलण्याचं कारण आहे. घाटातल्या सगळ्या वाड्या मिळून गप्प बसतील, हे मला पटत नाही.

"माळावरचे लांडगे जंगलात गेले, ते सुरक्षित आहेत."

सगळा खटाटोप खरं तर या एका वाक्यासाठी करतोय. लांडगे कुठे गेलेले नाहीत. ते माळावरच आहेत आणि तिथेच कमी होतायत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात भारतीय लांडगे जेमतेम ३,१०० च्या आसपास आहेत, महाराष्ट्रात सुमारे ४००. देशातल्या वाघांच्या संख्येशी ताडून पाहा, लांडगा पुढे तर नाहीच, उलट मागे आहे. तरी वाघाच्या बातमीला पहिलं पान आणि लांडग्याच्या वाट्याला ही अफवा.

त्याचं घर कसं जातं ते उघड्यावर दिसतं. सरकारी कागदावर माळाची नोंद बहुतेक वेळा "पडीक" अशी असते. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी करायचं असतं. चर खणायचे, खड्डे घ्यायचे, झाडं लावायची, नाहीतर औद्योगिक वसाहत, सौर पॅनेल, रस्ता. कालव्याचं पाणी पोचलं की ऊस. गवताळ माळ ही स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे, तिथे झाडं नसणं ही कमतरता नाही, हे अजून आपल्या गळी उतरलेलं नाही. त्यावर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावून आपण चिंकाऱ्याचं कुरण आणि लांडग्याचं रान दोन्ही मोडतो, वर हरित काम केल्याचा फलक लावतो. मग वस्त्या वाढल्या की कुत्रे वाढतात. ते रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक साथीचा रोग) आणतात, आणि संकराचा धोका आहेच. ओढ्याकाठच्या बिळात पिल्लं असताना तिथे जेसीबी आला तर ती जाणार कुठे? शंभर किलोमीटर पश्चिमेला, ज्या रानात शिकार करायची रीत त्यांच्या आईबापांना ठाऊक नाही तिथे?

हा मजकूर खरा मानणाऱ्या माणसाला गायरानावरच्या खोदकामाबद्दल काही वाटणार नाही. त्याच्या मते लांडगे केव्हाच सुरक्षित जागी पोचलेत. ग्रामसभेत गायरान देण्याचा ठराव येतो तेव्हा हा समज तिथे बसलेला असतो.

संरक्षित जागांवर भिस्त ठेवावी तर त्यांचा आकार पाहा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या जरा वर. रेहेकुरी दोनच्या जरा वर. एका कळपाला लागणारं क्षेत्र याच्या कितीतरी पट. म्हणजे राज्यातले बहुतेक लांडगे अभयारण्याबाहेर राहतात: गायरानावर, वनखात्याच्या उघड्या तुकड्यांवर, कुणाच्या तरी खाजगी पडीवर, धनगरांच्या वाड्याच्या हाकेच्या अंतरावर. कुठल्या ओढ्यात बीळ आहे, यंदा पिल्लं किती, मादी लंगडते का, हे त्या मेंढपाळांना माहीत असतं. लांडग्यांचा ठावठिकाणा हवा असेल तर त्यांना विचारा, आणि त्या गायरानाच्या सातबाऱ्यावर पुढच्या वर्षी काय चढणार आहे तेही तलाठ्याकडे विचारून ठेवा.