मुख्यालयाला शोभेल अशी संस्था कशी निवडावी

लंडनहून मेल येतो: यंदा भारतातल्या एखाद्या संस्थेला मदत करायची आहे, महिनाअखेर नाव कळवा. हिंजवडीत ते काम तुमच्याच टेबलावर येऊन पडतं, कारण टीममध्ये गावाकडचे म्हणून तुम्हीच ओळखले जाता. घाबरू नका. आम्ही मेळघाटात कुपोषणावर काम करतो आणि निवडलं जाण्याचा आम्हाला दांडगा अनुभव आहे.

आधी वेबसाइट बघा. वेबसाइट देखणी तर काम देखणं.

मग प्रशासकीय खर्च विचारा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतल्या या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, पण तुम्हाला तेही उधळपट्टीच वाटली पाहिजे. शून्य म्हणेल ती संस्था पक्की करा. तिचा अकाउंटंट बहुधा हवा खाऊन जगतो. त्याच्याकडूनच दर तिमाहीला जाडजूड अहवाल, फोटो आणि रंगीत डॅशबोर्ड मागवा.

पैसे दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावे लागतात, असं संस्था कळवेल. ‘फायनान्सला विचारतो’ म्हणा आणि सुट्टीवर जा. फार कटकट वाटली तर मुंबईची एखादी मोठी संस्था गाठा आणि तिला सांगा, तुम्हीच पुढे खेड्यातल्या छोट्या संस्थेला द्या. परदेशी पैसा असा पुढे द्यायला त्याच दुरुस्तीने बंदी आहे. असू दे. नोंदणी त्यांची जाईल, तुमची थोडीच?

जुने कपडे जरूर पाठवा. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते, म्हणजे मागणी आहेच.

आणि भेट! ती डिसेंबरात ठेवा. हवा छान असते, मुक्कामाला चिखलदरा आहे. पावसाळ्यात नको. तेव्हा नाले भरतात, गावं तुटतात, मुलंही तेव्हाच जास्त दगावतात. फोटो नीट येत नाहीत. सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालावेत. नुकताच एक चमू आमच्याकडे येऊन गेला. अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. कोरकू बाया त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून पोरं घेऊन आल्या होत्या. त्यांना उन्हात थांबवून ठेवलं, कारण ड्रोनची बॅटरी चार्ज होत होती. मग एका साहेबांनी विचारलं, यातलं सगळ्यात अशक्त मूल कुठलं? दाखवलं. उचललं. ते रडायला लागलं, तर हसरं मूल मागितलं, अहवालात आशा दिसायला हवी म्हणून. आमची सेविका एका बाळाचं नाक पुसायला गेली, तर म्हणाले, राहू द्या, नॅचरल वाटतंय. नॅचरल! त्या आईला विचारलंत का कुणी? तुमच्या लंडनच्या शाळेत पोराचा फोटो काढायचा तर पालकांची सही घेता ना? इथे आईच्या तोंडाकडेही बघितलं नाहीत. वजनं दुपारनंतर झाली. बऱ्याच जणी तोवर निघून गेल्या होत्या. ती वजनं त्या महिन्यात राहिली ती राहिलीच, आणि वजन झालं नाही तर कुठलं मूल घसरतंय हे आम्हाला कळायचं कसं?

हां, अजून एक. अकरा महिन्यांत कुपोषण संपवणारी संस्था शोधा.

नको, पुरे झालं. आई गरोदर राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत हजार दिवस जातात. अकरा महिन्यांच्या पैशात त्यातले किती बसतात, ते तुमच्या फायनान्सलाच विचारा. द्यायचे तर तीन वर्षांसाठी द्या आणि सेविकांचे, अकाउंटंटचे पगार धरून द्या. हिशेब आम्ही लपवत नाही. परदेशी पैशाच्या हिशेबाचा सरकारी फॉर्म, एफसी-४, दरवर्षी भरतो, तो मागा आणि वाचा. तुमच्यातला एकही माणूस तो वाचून आला नव्हता. बघायला यायचंय ना? ऑगस्टमध्ये या. दोघेच या, ड्रोन घरी ठेवा. आणि वजनाच्या दिवशी दारात उभे राहू नका, बायांना आत जाऊ द्या.