जागाच नव्हती

कारण क्षुल्लक आहे, हे मला आज चौघांनी सांगितलं. सहकाऱ्याने प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवरून माझं नाव काढलं. विचारलं तर म्हणे, "अरे, जागाच नव्हती!" माझा आवाज चढला आणि अर्ध्या तासात आम्ही दोघे एचआरच्या मॅडमसमोर.

मॅडमनी आधीच बजावलं: वाक्य 'तू'ने सुरू करायचं नाही, 'मला'ने करायचं. म्हणजे "तू माझं नाव उडवलंस" चालणार नाही. "माझं नाव उडालं, तेव्हा मला वाईट वाटलं." जणू खिडकी उघडी राहिली होती! ही युक्ती थॉमस गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. गेल्या वर्षी ट्रेनिंगमध्ये विधानांच्या ३० जोड्या देऊन आम्ही भांडणात कसे वागतो ते तपासलं होतं. ती १९७४ सालची चाचणी केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांची. एकाचं नाव थॉमस, दुसऱ्याचं आडनाव थॉमस. भांडणाचं खातं त्याच नावाकडे असावं. पाच प्रकारांपैकी मी 'टाळणारा' निघालो होतो. जन्मात एकदा टाळलं नाही, तर ही वेळ.

तर मी "मला..." एवढं म्हणतोय, तोच दार ढकलून आयटीमधला एकजण आत आला. "माझा चार्जर राहिलाय. तुमचं चालू द्या." आणि टेबलाखाली शिरला.

आमचं चालेना. कोणाच्या तरी पाठीवरून भावना व्यक्त करणं अवघड असतं. "पाय जरा..." असं खालून आलं. मी पाय उचलले. अधांतरी पायांनी म्हणालो, "मला वाटतं, सहा रात्री जागून केलेलं काम..."

"कुठली स्लाइड?" खालून प्रश्न.

"पहिली," सहकारी म्हणाला. तोही त्यालाच सांगू लागला!

डोकं टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. मग वायर गळ्यात घालून तो बाहेर आला, खुर्ची ओढून बसला. "फॉन्ट किती होता?"

"चव्वेचाळीस."

"छत्तीस केला असता तर दोघंही मावले असते."

मॅडमच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की काय सांगू. त्यांनी वहीत लिहून घेतलं. सहकारी म्हणाला, "हो की, सुचलंच नाही." आणि हात पुढे केला. मी मिळवला, पाय अजून वरच होते.

फॉन्ट! सहा रात्री गेल्या त्या गेल्याच. साहेबांसमोर शाबासकी तो घेऊन बसला, ते कुणी विचारलंच नाही. उलट जाताना मॅडम म्हणाल्या, "बघा, मोकळेपणाने बोललं की सुटतं." बोललं कोण? चार्जर!

संध्याकाळी बैठकीचा मेल आला. विषय: फॉन्टच्या आकाराबाबत. उपस्थितांमध्ये मॅडमचं नाव, सहकाऱ्याचं नाव, चार्जरवाल्याचं नाव.

आणि शेवटी, 'व इतर'.